पट्टा तीनदा बदलला तरी सकाळची चिर्रर्र जाईना

सकाळी सात-सव्वासातला मी सेल्फ मारला की शेजारच्या काकूंचा कुत्रा उठून उभा राहायचा. गाडी सुरू होताच बॉनेटखालून चिर्रर्र असा आवाज. कधी पाच-सहा सेकंद, कधी पुरतं मिनिटभर. मग आपोआप बंद, आणि दिवसभर पुन्हा नाव नाही. या एका आवाजापायी जून ते ऑक्टोबर माझ्या गाडीचा पट्टा (वीज बनवणारा अल्टरनेटर आणि इंजिन गार ठेवणारं पाणी खेळवणारा वॉटर पंप ज्यावर फिरतात तो बाहेरचा पट्टा) तीन वेळा बदलला गेला आणि तिन्ही वेळा आवाज परत आला. दोष पट्ट्यात नव्हताच. तो सापडेपर्यंत इंजिनाच्या इतर आवाजांशीही ओळख झाली, म्हणून सगळंच लिहून ठेवतोय. किनाऱ्यालगत जुनी गाडी वापरणाऱ्यांना उपयोगी पडेल.

गाडी २०१४ ची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक. मी घेतली २०२३ च्या एप्रिलमध्ये, तेव्हा ७८ हजार किलोमीटर झालेली. कंपनी सांगत नाही, कारण हे दुखणं कुठल्याही गाडीला होऊ शकतं. मी राहतो पावसच्या अलीकडे आणि रोज भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीला जातो-येतो. म्हणजे खारा वारा, दमट हवा, तांबडी माती आणि जूनपासून चार महिने धो धो. यातली तांबडी माती लक्षात ठेवा, पुढे तिनेच मला फसवलं.

आधी पुराचा संशय

गाडी चिपळूणकडची, त्यामुळे आवाज सुरू झाल्याबरोबर ओळखीतल्या प्रत्येकाने एकच निदान केलं: "पुरातली गाडी गळ्यात मारली तुझ्या." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे सगळ्यांनीच पाहिलंय. तेव्हापासून तिकडची कुठलीही जुनी गाडी म्हटली की लोक नाक मुरडतात. शंका रास्त आहे, पण ती तपासता येते.

सीटबेल्ट ओढत ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढा. एरवी कधीच बाहेर न येणारा तो वीत-दीड वीत भाग कोणी धूत नाही, गाळाची रेघ असली तर तिथे दिसते. स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे वायरिंगचे सॉकेट टॉर्च मारून बघा. कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फोमचा वास घ्या. पुरातल्या गाडीला कितीही अत्तर मारलं तरी तो वास जात नाही. माझी गाडी या सगळ्यात स्वच्छ निघाली.

पुराचा आणि आवाजाचा संबंध मात्र खरा असतो. गाळ अल्टरनेटरच्या आणि पुल्यांच्या बेअरिंगमध्ये शिरला की वंगण संपतं आणि वर्षा-दोन वर्षांनी घरघर सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे चालत्या इंजिनाने एअर फिल्टरमधून पाणी ओढलेलं असणं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. किंचितच वाकला तर गाडी चालत राहते, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची ताकद, कमी दाखवते. संशय असेल तर घेण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

तीन पट्टे

पहिला आवाज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पावसात सगळ्यांचेच पट्टे ओरडतात, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. गॅरेजात दाखवलं तर त्यांनी आधी पट्ट्याला साबण चोळून दिला. हा उपाय गावोगावी चालतो आणि दोन दिवस टिकतोही. पण साबणाने दोष जात नाही, फक्त गप्प बसतो, आणि चिकटलेली धूळ पट्टा आणखी खाते. तिसऱ्या दिवशी आवाज हजर. मग नवा पट्टा घातला. गाडी शहाण्यासारखी वागू लागली.

ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या तोंडावर, मुंबईहून पाहुणे यायच्या दिवसांत पुन्हा चिर्रर्र. या वेळी दुसरं गॅरेज. त्यांनी सांगितलं की पट्टा हलक्या प्रतीचा होता, आणि टेन्शनरही बदलायला लावला. म्हणजे पट्ट्याला ताण देणारी स्प्रिंगवाली पुली. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आसपास, पुन्हा तेच. तिसरा पट्टा. पंधरा दिवसांत आवाज परत.

दोन्ही गॅरेजना मी फसवं म्हणणार नाही. पट्टा खरंच गुळगुळीत, चकाकता झालेला दिसत होता. तो तसा का होतो हे मात्र कोणी विचारलं नाही, मीही नाही. आणि प्रत्येक वेळी काम झाल्यावर त्यांनी आपणहून इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने लखलखीत धुऊन दिलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पुरावा दर वेळी तिथेच वाहून जात होता.

मेस्त्रींची वही

नोव्हेंबरात एका स्नेह्याने गोळपच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे पाठवलं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे फणसाचं झाड आणि त्याच्याखाली गॅरेज. मी बॉनेट उघडून सांगायला लागलो, "आवाज बघा या डाव्या बाजूने..." तर त्यांनी हात वर केला.

"आवाज कुठून येतो ता मला नको सांगू. कधी येतो ता सांग."

मी म्हटलं, सकाळी.

"रोज?"

"रोज."

"सारखाच?"

इथे मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी आठ दिवस रोज लिहून आणायला सांगितलं, आणि तोपर्यंत गाडी धुवायची नाही असा दमही दिला.

इंजिन म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियमचा एकसंध गोळा. एका टोकाचा आवाज धातूतून दुसऱ्या टोकाला पोचतो, त्यामुळे नुसत्या कानाला जागा बऱ्याचदा चुकीची वाटते. वेळ मात्र फसवत नाही. इंजिन थंड की गरम, हवा ओली की कोरडी, आवाज रेसबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर, क्लच दाबल्यावर बदलतो का, एसी लावल्यावर बदलतो का. एवढं लिहून आणलं तर चांगला मेस्त्री बॉनेट न उघडताही अर्ध्या शंका खोडून टाकतो.

माझी वही अशी होती:

सोमवार, ७.१०. रात्री कोरडी. चिर्रर्र ५५ सेकंद. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर वाढला.
मंगळवार, ७.१५. दव भरपूर. १२ सेकंद.
बुधवार, ७.१०. १० सेकंद. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा सुरू केली तेव्हा नाही.
गुरुवार, ७.२०. कोरडं. १५ सेकंद.
शुक्रवार, ७.१०. ९ सेकंद.
शनिवार, ९.००. १४ सेकंद.
रविवार. गाडी काढली नाही.
सोमवार, ७.१०. रात्री कोरडी. मिनिटभर, वर थोडी भर.

मेस्त्रींनी चष्मा वर करून वाचलं आणि पेन्सिलीने दोन्ही सोमवारांभोवती गोल केले. दव मंगळवारी जास्त होतं, आवाज सोमवारी. ओल हवेतून येत असती तर आवाज दवाबरोबर वाढला असता. तो वाढत होता गाडी उभी राहिल्याच्या वेळेबरोबर. रविवारी ती हलत नाही, म्हणजे शनिवार दुपार ते सोमवार सकाळ असे चाळीस तास. "उभ्या गाडीत काहीतरी साठता हा," ते म्हणाले.

घरी करता येतील अशा चाचण्या

पुढे त्यांनी जे केलं त्यातलं बरंच आपण अंगणात करू शकतो. एकच ताकीद: चालत्या पट्ट्याजवळ लुंगी, पंचा, ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन, मोकळे केस, काहीही नको. पट्टा माणूस ओळखत नाही.

पहिली चाचणी ओझ्याची. सेल्फ मारल्यावर बॅटरीची खर्ची पडलेली वीज भरून काढायला अल्टरनेटर पहिलं मिनिटभर जोरात काम करतो, म्हणून पट्ट्यावर सर्वात जास्त ताण तेव्हा असतो. गाडी न्यूट्रलला ठेवून हेडलाइट, ब्लोअर, एसी, मागच्या काचेचा हीटर एकेक करून लावा. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय.

दुसरी पाण्याची. झाडांना मारायच्या फवाऱ्यातून पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडंसं पाणी मारायचं, दोन-तीन फवारे, बादली नव्हे. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय: ताण कमी आहे, पट्टा झिजलाय किंवा त्याला काहीतरी लागलंय. आवाज क्षणभर गप्प होऊन परत आला, आणि तो लांबलचक चिर्रर्र नसून चिमणीसारखा चिव-चिव असेल, तर एखादी पुली सरळ रेषेत नाही. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळा. माझ्या गाडीचा आवाज वाढला. टेन्शनर नवा, पट्टाही नवा, तरी घसरतोय.

तिसरी ऐकायची. लांब पेचकसाचं टोक अल्टरनेटरच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखं स्पष्ट ऐकू येतं. बेअरिंग ठीक असेल तर एकसारखी गुणगुण. गेलेलं असेल तर रिकामं जातं फिरवावं तशी खरखर. प्रत्येक भागाच्या न फिरणाऱ्या अंगावर, पुलीवर नव्हे, असं फिरत फिरत ऐकायचं.

चौथी माझ्या मते सर्वात मोलाची, पण मेस्त्रीसमोरच करा. पट्टा काढून इंजिन वीस-तीस सेकंद चालवायचं. आवाज गेला तर रोग पट्ट्याच्या बाजूला: अल्टरनेटर, टेन्शनर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर. आवाज राहिला तर रोग इंजिनाच्या पोटात. एका मिनिटात अर्धं इंजिन संशयितांच्या यादीतून बाहेर पडतं. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागणारच. वेळ मात्र वाढवायचा नाही, कारण माझ्यासारख्या गाडीत वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो आणि पाणी खेळत नसतं. काही गाड्यांत पंप आतल्या टायमिंग बेल्टवर असतो, तिथे बाहेरचा पट्टा काढून पंपाबद्दल काहीच कळत नाही.

पट्टा काढला, आवाज गेला. मग मेस्त्रींनी एकेक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटरची लोण्यासारखी. टेन्शनर नवाच. वॉटर पंपाची फिरवताना त्यांनी माझा हात धरून तिच्यावर ठेवला. बारीक वाळूवरून बोट फिरवावं तसं काहीतरी जाणवलं, आणि वर-खाली हलवल्यावर केसाएवढी हालचाल.

तांबडा ओघळ

त्यांनी टॉर्च पंपाच्या पुलीमागे धरला. बोटभर लांबीचा एक तांबूस ओघळ खाली उतरला होता. मी सहज म्हटलं, माती आहे. आमच्याकडे गाडीच्या खाली, चाकांत, दारांच्या फटीत, सगळीकडे हाच रंग. जांभ्याची धूळ आणि पावसाचा चिखल मिळून पांढरी गाडीही तळाला विटकरी होते. तो रंग मी जून महिन्यापासून पाहत होतो.

मेस्त्रींनी जुन्या बनियनच्या तुकड्याने ओघळ स्वच्छ पुसला, जागा कोरडी केली आणि वर चिमूटभर टाल्कम पावडर फुंकली. गाडी तिथेच ठेवून मी एसटीने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पावडरीत एक ओली, तांबूस रेघ उमटलेली होती, वरच्या टोकाला अगदी लहान भोकापासून सुरू होणारी. माती रात्रीतून वरून खाली उतरत नाही. तो गंज होता, पाण्याबरोबर बाहेर आलेला.

हे भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला सील असतं, ते इंजिनातलं पाणी आत अडवतं. दुसऱ्या बाजूला बेअरिंग. सील झिरपायला लागलं तर पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून मधे हे वाट करून दिलेलं भोक. तिथे कोरडा, जुना डाग असला तर घाबरायचं कारण नाही, नवं सील बसताना थोडं झिरपतंच. पुसल्यावर पुन्हा ओलं झालं तर मात्र पंप निघालाच समजा.

खात्रीसाठी त्यांनी थंड इंजिनाच्या रेडिएटरला हातपंप लावून साधारण एक बारचा दाब दिला. दहा मिनिटांत काटा खाली आला आणि भोकातून थेंब फुगला. गाडी गरम असताना हाच दाब दिला असता तर कदाचित टिकलाही असता. तापल्यावर धातू आणि रबर प्रसरण पावतात आणि बारीक फट बंद होते. म्हणून दिवसभर गाडी कोरडी, आणि रात्री गार झाली की थेंब थेंब. तो पुलीवर, पुलीवरून पट्ट्यावर. सकाळी सेल्फ मारला की ओला पट्टा, वर अल्टरनेटरचा भार, चिर्रर्र. मग पट्टा तापून पाणी उडून जायचं, पण त्याचा चिकट थर रेघांमध्ये राहायचा. नवा पट्टा महिना-दोन महिन्यांत चकाकायचा तो असा. तीन पट्ट्यांच्या आणि टेन्शनरच्या पैशात पंप आला असता, वर पेट्रोलही.

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पातळी कमी होते हे कळायला हवं होतं ना? कळलं असतं, जर प्रत्येक सर्व्हिसला कोणीतरी कुलंटची बाटली भरून दिली नसती. मीही पावसाळ्यात दोनदा घरातलं पाणी ओतलं होतं आणि विसरलो होतो. आधीच्या मालकांना फोन केला तर म्हणाले, "कुलंट कशाला हवं? आमच्या विहिरीचं पाणी एवढं गोड." गोड असेल. पण कुलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यात गंज धरू न देणारी द्रव्यं असतात आणि ते पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. नुसतं पाणी घातलं की आतून गंज धरतो, गंजाचे कण सीलच्या गुळगुळीत तोंडावर घासतात आणि सील झिरपतं. शिवाय शुद्ध कुलंट असतं तर ओघळ हिरवा किंवा गुलाबी दिसला असता आणि मी पहिल्याच दिवशी पकडला असता. विहिरीच्या पाण्याने तो नेमका आमच्या मातीच्या रंगाचा केला.

काढलेला पंप पाहिला तर आतल्या पात्यांवर गंजाची साल धरलेली. नवा पंप, नवं पॅकिंग, चौथा पट्टा. आतलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन वेळा धुऊन काढलं, मग कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरलं. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडू नका हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कोणी ना कोणी हात भाजून घेतो.

बाकीचे आवाज, थोडक्यात

किंचाळी गेल्यावर तिच्या मागे दडलेला दुसरा आवाज ऐकू आला: रेस मिनिटाला २२०० फेऱ्यांच्या आसपास गेली की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड, त्याच्या वर-खाली शांतता. मला पुन्हा घाम फुटला. निघाला सायलेन्सरवरचा पातळ पत्रा, गरमीपासून बचावासाठी असतो तो. खाऱ्या हवेने त्याचे बोल्टाभोवतीचे कान गंजून गेले होते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत मोठ्या दुखण्याच्या नावाखाली हा पत्रा बऱ्याचदा सापडतो. गाडी गार असताना सायलेन्सरवर मुठीने टकटक करा, तिथेच कळतं. दोन मोठ्या जुबिली क्लिप आवळल्या की काम झालं. क्लिप स्टेनलेसच्या घ्या, साध्या एका पावसाळ्यात जातात.

शिलाई मशीनसारखी टिक-टिक बहुतेक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरते. त्यामुळे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलला एका व्हॉल्व्हची टिक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सात. मोबाइलवर रेकॉर्ड करून सावकाश चालवली तर मोजता येते. आधी ऑइलची पातळी बघा, मग टॅपेट. तशीच टिक-टिक थंडपणी येऊन पाच-दहा मिनिटांत जात असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं, पॅकिंग फुंकतंय का पाहा. जोडावर काजळीचा काळा फराटा दिसतो. धातू तापून फट बुजली की आवाज थांबतो, आणि लोक उगाच टॅपेट करून घेतात.

सेल्फ मारताच सेकंद-दोन सेकंद खळखळ होऊन लगेच थांबली तर टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलचा दाब येईपर्यंत सैल होता. कधीतरी होत असेल तर ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदला. गरम झाल्यावरही राहिली तर चेन उघडून बघायलाच हवी.

आंबा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये रेटत राहिलात आणि डब्यात चिंचोके हलवल्यासारखं ऐकू आलं तर ते नॉकिंग, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी पेटतंय. आधी गिअर खाली घ्या. लहान इंजिनाला घाटात रडवत नेण्यात कसलीही बचत नाही. तरीही आवाज राहिला तर कार्बन, प्लग, इंधन.

क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सचं. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली तरी घूंऽऽ चालूच राहिलं आणि वेगाबरोबर कमी झालं तर ते इंजिन नव्हेच, बहुतेक चाकाचं बेअरिंग आहे. एसी लावताच सगळी गाडी थरथरली आणि गिअर टाकताना धप्प झालं तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे खालचं रबर, गेलंय.

एका आवाजाला मात्र चाचणी नको. उखळात मुसळ पडावं तसा जाड ठक-ठक, इंजिन तापल्यावर वाढणारा, भार आला की आणखी जोरात. हे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तर गाडी बाजूला घ्या आणि तिथेच इंजिन बंद करा. माझा आतेभाऊ "लांजा ते रत्नागिरी, एवढंच तर" म्हणून चालवत आला. घरी पोचला तेव्हा ब्लॉकला भोक पडलं होतं. टोईंगचा खर्च वाचवला त्याने. शंका असेल तर ऑइल काढताना पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत थोडं घेऊन उन्हात धरा. सोनेरी-चंदेरी चमक दिसली तर ते बेअरिंग झिजतंय.

आणि कोकणातला खास प्रकार: बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या खालच्या प्लास्टिकच्या ताटात आमच्याकडे एकदा अकरा सुपाऱ्या निघाल्या. खारीचं किंवा उंदराचं कोठार. वळणावर घरंगळतात आणि अगदी आतलं काहीतरी तुटल्यासारखं ऐकू येतं. सुपाऱ्या आईने धुऊन वाळत घातल्या. वायरींना दात लागले नाहीत ना एवढं बघून घ्या.

दुरुस्तीनंतर

पंप बदलून आणल्यावर मेस्त्रींनी कुलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारायला सांगितलं, सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. पहिले पंधरा दिवस रोज, मग आठवड्याला एकदा, नेहमी गारच आणि नेहमी सपाट जागी, नाहीतर पातळी खोटी दिसते. सुरुवातीला रेघेखाली थोडं उतरतं, आतली हवा निघते म्हणून. तेवढी भर घातली की त्यानंतर हलायला नको. माझी ३० नोव्हेंबरची रेघ आहे. शिमग्याला गाडी चार दिवस उभी होती. पाचव्या दिवशी सकाळी मी आधी बाटली पाहिली, मग सेल्फ मारला. पाणी रेघेवर होतं आणि काकूंचा कुत्रा झोपलेलाच राहिला.